बाकुरियानी की गुदाउरी? चाळिशीतली पहिली घसरगुंडी

आधी थोडं पुराण, निघायच्या आधीचं

हे खूळ लेकीचं. वय वर्षं ९, जन्म दुबईचा, बर्फ म्हणजे तिच्यासाठी मॉलमधला स्की दुबई, बाहेर ४२ डिग्री आणि आत उणे २, शिवाय पेंग्विन. तिथे मैत्रिणीच्या वाढदिवसाला दोन तास स्की करून आली आणि जाहीर केलं की फेब्रुवारीच्या मिड-टर्म सुट्टीत खरा डोंगर पाहिजे. मी मूळची कुडाळची, बर्फ म्हणजे बाजारात सुरमईच्या खाली असतो तो. नवरा सांगलीचा, त्याने तर बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलेला. पण लेकीपुढे कोणाचं चाललंय.

देश ठरायला पाच मिनिटं लागली. स्वित्झर्लंडचे भाव बघून ती टॅब लगेच बंद केली. जॉर्जियाला दुबईहून साडेतीन तासांचं विमान, आमच्या रेसिडेन्स व्हिसावर वेगळा व्हिसा नको, आणि तिथलं चलन लारी, साधारण ३० रुपयांची म्हणजे दिरहमच्या सव्वापट, हिशोब डोक्यात होतो. खरी मारामारी पुढे, की जॉर्जियात जायचं कुठे. माझा भाऊ शारजात असतो, दोनदा गुदाउरीला जाऊन आलेला, स्नोबोर्डवर, त्यामुळे त्याचं एकच. "गो बाय, गुदाउरी म्हणजे गुदाउरी. बाकीचा सगळा पोराटोरांचा."

"आम्ही पोरंटोरंच आहोत ना दादा."

"तरी पण."

मग मी दोन आठवडे रात्री मुलगी झोपल्यावर वाचत बसायचे. मेस्तिया आधी बाद केलं. स्वानेतीतलं ते गाव फोटोत अफाट दिसतं, दगडी बुरूज वगैरे, पण रस्त्याने पोचायला अख्खा दिवस आणि छोटं विमान हवा बिघडली की रद्द, आणि आठवड्याभराच्या सुट्टीत तो जुगार कोण खेळणार. गोदेर्दझी बातुमीकडे, बर्फ तुडुंब, पण तिथे जातात ते पिस्ट, म्हणजे स्कीसाठी आखून सारखी केलेली वाट, सोडून भलतीकडून उतरणारे लोक. उरले दोन, तिबिलिसीच्या उत्तरेला १२० किलोमीटरवरचं गुदाउरी आणि पश्चिमेला पावणेदोनशेच्या आसपास बाकुरियानी.

आणि इथे मला एक गोष्ट खटकत गेली. जिथे बघावं तिथे पिस्ट किती किलोमीटर, लिफ्ट किती, सर्वात उंच टोक किती मीटर, गुदाउरीचं ३,२७० च्या वर आहे वगैरे. अहो पण ज्याला थांबता येत नाही त्याला ३,२७० मीटरचं काय करायचं? घर घेताना बिल्डर क्लबहाऊस दाखवतो तसं हे. मला हवी होती ती माहिती कुठेच एका ठिकाणी मिळेना. शिकाऊ उतार लिफ्टच्या खालच्या टोकाला आहे की वरच्या, वर गेल्यावर भीती वाटली तर लिफ्टनेच खाली येता येतं का, हॉटेलपासून बूट घालून किती चालावं लागतं (हे किती महत्त्वाचं आहे ते पुढे कळेल), आणि शिकवणारा माणूस कुठली भाषा बोलतो. शेवटी नकाशे, फोटो आणि लोकांचे व्हिडिओ मागे-पुढे करून मी ठरवलं की पहिले तीन दिवस बाकुरियानी, मग दोन दिवस गुदाउरी. दादा दुसऱ्या टप्प्याला येऊन भेटणार. त्याने फोनवर एवढंच म्हटलं, "तीन दिवस फुकट घालवतंस."

एक काम मात्र निघायच्या आधी नक्की करा. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स बहुतेक वेळा स्की धरत नाही, विंटर स्पोर्ट्सचं वेगळं घ्यावं लागतं. आमच्या एजंटने विचारल्याशिवाय सांगितलं नव्हतं.

दिवस पहिला, तिबिलिसी आणि बर्फाचा पत्ताच नाही

दुपारी उतरलो तर शहरात ऊन. लेकीचा चेहरा बघण्यासारखा. टॅक्सीवाल्याने विचारलं इंडिया कुठून, नवऱ्याने मुंबईजवळ म्हटलं, मी उगाच गोव्याजवळ म्हटलं (कुडाळहून गोवा जवळच आहे की) आणि तो माणूस आरशातून मागे बघून म्हणाला, "गोवा! केतेवान!" मला आधी वाटलं हॉटेलचं नाव असेल. नंतर डोक्यात प्रकाश पडला. केतेवान ही इथली राणी, शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं, आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्याला आणल्या. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा तो अर्धा पडलेला मनोरा आहे ना, तिथल्या खोदकामात त्या सापडल्या, हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला. शाळेच्या सहलीत त्याच मनोऱ्याखाली बसून आम्ही डब्यातली घावन-चटणी खाल्ली होती. टॅक्सीवाल्याने भाडं मात्र पूर्ण घेतलं.

संध्याकाळी अबानोतुबानीत, म्हणजे गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामांचा तो विटांच्या घुमटांचा भाग, तिथे नुसतं फिरलो. वास उकडलेल्या अंड्यांचा. रात्री खाचापुरी. चीजने भरलेली ती पोळी बघून सांगलीकर म्हणाला यात मिरची असती तर. तर असो.

दिवस दुसरा, बाकुरियानीचा रस्ता

सकाळी गाडी ठरवून निघालो. दिदुबे स्टँडवरून मार्शुत्का पण जातात, म्हणजे आपल्या वडापचं जॉर्जियन रूप, भरली की सुटते. पण आमच्याकडे सामान होतं आणि एक गाडी लागणारी व्यक्ती (नवरा).

गोरी गाव हायवेवरूनच पाहिलं, स्टालिनचं जन्मगाव, थांबलो नाही. सुरामीला मात्र ड्रायव्हरने न विचारता गाडी लावली. रस्त्याच्या कडेला ओळीने टपऱ्या आणि प्रत्येकीच्या काचेत नाझुकी, होडीच्या आकाराचा गोड पाव, मनुका आणि दालचिनी घातलेला, मातीच्या भट्टीतून काढलेला गरम. दोन घेतले, बोर्जोमी यायच्या आत दोन्ही संपले. बोर्जोमीत झऱ्यावरचं पाणी प्यायलो. बाटलीतलं थंड असतं तेव्हा ठीक लागतं, झऱ्यावरचं कोमट, खारट, लेकीने सरळ थुंकलं. बोर्जोमीहून वर बाकुरियानीला एक छोटी नॅरोगेज गाडी जायची, कुकुष्का, १९०२ पासूनची, माथेरानच्या गाडीची बहीण शोभेल अशी. आम्ही गेलो तेव्हा बंद होती.

मग जंगल सुरू झालं. सूचिपर्णी झाडं, प्रत्येक फांदीवर बर्फ, आणि गाडीत एकदम शांतता. नवरा पुढच्या सीटवरून हळूच म्हणाला, "अगं, हे खरंच आहे." चाळीस वर्षांचा माणूस.

बाकुरियानी हे गाव आहे, रिसॉर्ट नाही, हे पोचल्यावर कळलं. १,७०० मीटरवर सपाट बशीसारखी जागा, रस्त्यात घोडागाड्यांसारख्या घसरगाड्या, कुत्री, आज्ज्या बाटल्यांतून मध आणि पाइनच्या कोवळ्या फळांचा मुरंबा विकतायत. सोव्हिएत काळात इथे त्यांच्या टीमा सराव करायच्या, जुने स्की-जंपचे मनोरे अजून उभे आहेत. आणि २०२३ मध्ये फ्रीस्टाइल स्कीची जागतिक स्पर्धा इथेच झाली, म्हणजे दादाचं पोराटोरांचं गाव तितकंही पोराटोरांचं नाही.

संध्याकाळी सामान भाड्याने घेतलं. आता इथे नीट वाचा. दुकानदार उंची, वजन आणि येतं का असं तिन्ही विचारतो, कारण पडल्यावर स्की बुटापासून सुटायला हवी आणि किती जोर लागल्यावर सुटायची ते त्यावर लावतात. इथे लाजून वजन कमी सांगायचं नाही. किती कमी सांगितलं ते मी लिहीत नाही, नवरा शेजारी उभा होता आणि त्याने दुकानभर खरा आकडा सांगितला. स्की साधारण हनुवटीपर्यंत. बूट म्हणजे मात्र छळ. पायाला सिमेंट लावल्यासारखं. मी हुशारी करून दोन मोजे घातले आणि एक नंबर मोठा बूट घेतला. दोन्ही चूक. एकच मोजा, पातळ पण लांब, आणि बूट घट्ट, बोटं हलली पाहिजेत पण टाच उचलायला नको. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी, नडगीवरची कातडी गेल्यावर कळलं आणि बूट बदलून आणले.

दिवस तिसरा, प्लुग

गावातच एक लहानसा पसरट उतार आहे, लोक त्याला नुसतं पंचवीस म्हणतात, पंचवीस मीटर. नाव ऐकून नवरा म्हणाला एवढंच? एवढंच. आणि तेवढंच हवं होतं. आमच्या गेस्ट हाऊसपासून सात मिनिटं चालत. स्की बूट घालून सात मिनिटं म्हणजे पंचवीस मिनिटं, खांद्यावर स्की, त्या एकमेकींवर घसरून तुमच्या मानेवर आपटतात, एका हातात लेकीचे पोल (स्कीच्या काठ्या) आणि लेक पुढे पळतीये. हॉटेल निवडताना अंतर बघा म्हणते ते याच्यासाठी. स्पाला वगैरे काही अर्थ नाही.

आमचे मास्तर साठीचे. इंग्रजी शब्द असतील वीस. जॉर्जियन आणि रशियन अस्खलित, त्याचा आम्हाला शून्य उपयोग. मला पोटात गोळा आला, कारण भाषेचा मुद्दा मीच एवढा धरला होता आणि मीच बाकुरियानी निवडलं होतं, आणि गुदाउरीत इंग्रजी बोलणारे मास्तर ढिगाने मिळतात हे मला माहीत होतं. दादाला सांगू नका असं मी मनात लेकीला सांगितलं.

पण झालं काय, पहिला तास त्यांनी आम्हाला स्की लावूच दिल्या नाहीत. नुसते बूट घालून उतारावर चढा, उतरा. मग एक पायात स्की, एक पाय मोकळा, सायकलवर लंगडी घालतो तसं. मग दोन्ही. आणि मग ते समोर उलटे उभे राहिले, दोन्ही स्कींची टोकं जवळ आणली, मागचा भाग फाकवला आणि ओरडले, "प्लुग!"

आम्ही तिघं नुसते बघतोय.

"प्लुग! प्लुग!" आणि हाताने जमीन उकरल्याची खूण. मग पोल दोन्ही हातांनी पुढ्यात धरून, वाकून, कोणाच्या तरी मागे चालल्यासारखे दोन पावलं चालले.

आणि मला एकदम दिसलं. नांगर! अहो ते नांगर म्हणतायत. माझे बाबा कुडाळला आवाठात जोत धरायचे, चिखलात, गुडघ्यापर्यंत, आणि मी बांधावर बसून बघायचे. नांगराच्या दांड्यावर अंग टाकलं की फाळ खोल जातो आणि बैल हळू होतात, उचललं की पळतात. इथे पण तेच, आतल्या कडा बर्फात घातल्या की वेग कमी, सोडल्या की पळापळ. दुबईत लेकीला याच प्रकाराला पिझ्झा शिकवलेलं, त्रिकोण करायचा म्हणून. पिझ्झाने मला काही कळलं नसतं. नांगराने कळलं. मी पहिल्या खेपेला दहा मीटर जाऊन थांबले, स्वतःहून, न पडता, आणि मास्तर म्हणाले "मोलोदेत्स", ज्याचा अर्थ शाब्बास असावा असं मी धरून चालले.

नवऱ्याची कथा वेगळी. सांगलीला शेती भरपूर, पण याने शेतात पाऊल टाकलेलं नाही. तो सरळ गेला, कुंपणापर्यंत, आणि कुंपणाला मिठी मारून थांबला. अकरा वेळा पडला, लेकीने मोजलं. पडण्याचं पण शास्त्र आहे, मागे बसायचं नाही, बाजूला आणि डोंगराच्या अंगाला कलंडायचं, आणि उठताना स्की उताराला आडव्या करून घ्यायच्या नाहीतर उठता उठता परत निघतो. हे त्याला दुसऱ्या दिवशी जमलं. पण मास्तरांचा संयम असा की दर वेळी तेच शांतपणे, "प्लुग". बेचाळीस वेळा म्हणाले असतील. वीस शब्दांचं इंग्रजी पुरलं, कारण एकच शब्द लागत होता.

दुपारी गावात फिरताना एका तरुण मुलाचं नाव आणि फोटो दिसला, नोदार कुमारिताश्विली. हा इथलाच, ल्यूजचा (बर्फाच्या वाटेवरून उताणं झोपून घसरगाडीने सुसाट उतरायचा खेळ) खेळाडू, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी सरावात गेला, २१ वर्षांचा. लहान गावात असं नाव प्रत्येकाच्या घरातलं असतं. लेकीने विचारलं तो का पडला, मी म्हटलं फार वेगात होता, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ गप्प चाललो.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. खोलीतल्या गालिच्यावर चपला घालून प्लुग करून दाखवलं. बाबांनी चष्मा लावून बघितलं.

"नांगर आसा तर जू खंय आसा? बैल खंय गेले?"

"बैल नाहीत बाबा. उतारच ओढता."

"मगे थांबतंस कशी?"

हाच तर प्रश्न आहे, दोन आठवडे मी हाच विचारत होते, आणि एकाने तरी याचं सरळ उत्तर लिहिलेलं असेल तर शपथ.

दिवस चौथा, दिदवेली

चौथ्या दिवशी सकाळी परत पंचवीसवर आणि दुपारी मास्तर आम्हाला दिदवेलीला घेऊन गेले, गावाच्या दक्षिणेला, खरी गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची लिफ्ट, आणि खरे उतार. इथे सांगण्यासारखं एक. दुपारी ढग आले, बर्फ पडायला लागला, मी घाबरले, पण दोन्ही बाजूला झाडं होती. झाडं काळी, बर्फ पांढरा, त्यामुळे कुठे चढ कुठे उतार ते कळतं. हे तेव्हा मला फार विशेष वाटलं नाही. पुढे गुदाउरीत गेल्यावर याची किंमत कळली.

लांब निळा उतार (निळा म्हणजे सोपा) एकदा पूर्ण उतरले. एकदाच. अर्धा तास लागला, वाटेत चार-चार वर्षांची जॉर्जियन मुलं पोलशिवाय, हात पाठीमागे बांधून, बाजूने सुळकन जात होती. त्यातल्या एकाने थांबून मला मराठीत नक्की "काकू बाजूला व्हा" असंच म्हटलं असणार, फक्त भाषा जॉर्जियन होती. लेक माझ्या पुढे. नवरा खाली कॅफेत, लोबियानी खात, म्हणजे राजम्याचं सारण भरलेली भाकरी, आणि म्हणत होता की हे मात्र सांगलीत चालेल.

संध्याकाळी मास्तरांना पैसे दिले, फी ठरलेली त्याच्यापेक्षा जास्त दिली, त्यांनी जास्तीचे परत केले आणि लेकीच्या टोपीवर हात ठेवला.

दिवस पाचवा, गुदाउरीकडे

लांबचा पल्ला. बाकुरियानीहून खाली परत तिबिलिसीच्या बाजूला आणि मग उत्तरेला, जॉर्जियन मिलिटरी हायवेने, जो पुढे रशियाच्या हद्दीपर्यंत जातो. झिनवालीचं धरण, अनानुरीचा किल्ला, दोन्ही सुंदर, दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं. रस्त्यावर ट्रकांची रांग, संपतच नाही, रशियात माल नेणारे. घाट बर्फाने बंद झाला की हे सगळे तिथेच अडकतात. आपल्या करूळ घाटात दरड आल्यावर असते तशी अवस्था, फक्त ट्रकांच्या पाट्या वाचता येत नाहीत.

पासानौरीला जेवायला थांबलो. इथे पांढरी अरागवी आणि काळी अरागवी अशा दोन नद्या मिळतात आणि थोडं अंतर दोन रंग वेगळे वाहतात. आणि इथली खिंकाली प्रसिद्ध. ताटात आली आणि मी ओरडलेच, मोदक! अगदी उकडीचा मोदक, कळ्यांसकट, वरचं टोक फक्त जाड आणि लांब. आत खिमा आणि रस्सा, आमच्यासाठी मशरूमची आणि बटाट्याची पण होती. टोकाला धरायचं, उलटं करायचं, लहानसा चावा घेऊन आधी रस्सा ओढून घ्यायचा आणि मग बाकीचं, टोक ताटात ठेवायचं, खात नाहीत. किती खाल्ली ते टोकं मोजून कळतं. माझ्या आईला एका मोदकाला एकवीस कळ्या येतात, इथल्या बाईच्या मी एकोणीस मोजल्या, त्या पण बऱ्या आहेत. नवऱ्याची टोकं चौदा.

गुदाउरीत दादा हॉटेलच्या दारात उभाच. "आता खरा बघशील."

आणि खरं सांगायचं तर बघून छाती दडपली. झाडच नाही एकही. गाव २,००० मीटरच्या वर, सगळीकडे उघडे, पांढरे, प्रचंड डोंगर, ऊन त्याच्यावर, लिफ्टा वर वर जातायत आणि दिसेनाशा होतायत. नवऱ्याने विचारलं, "आपण कुठे?" दादाने खालच्या बाजूच्या लिफ्टकडे बोट दाखवलं, पिर्वेली. जॉर्जियनमध्ये पिर्वेली म्हणजे पहिला. नाव तरी बरोबर.

रात्री दादाला डाळ-भात हवा होता. गुदाउरीत भारतीय जेवण मिळतं, आखातातून एवढे लोक येतात ना. पण डिसेंबर २०२४ मध्ये इथेच एका भारतीय रेस्टॉरंटच्या वर राहणारे १२ कर्मचारी, त्यातले ११ भारतीय, झोपेत गेले. लाईट गेली म्हणून खोल्यांजवळ आत जनरेटर लावलेला, त्याचा धूर. जेवताना वाढणारा मुलगा पंजाबचा होता, विशीतला. मी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही, दोन पोळ्या जास्त वाढल्या. आमच्या अपार्टमेंटमध्ये गॅसचा हीटर होता, मी रात्रभर खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली. तुम्ही पण ठेवा.

दिवस सहावा, पांढऱ्या दुधात

सकाळ मस्त गेली. पिर्वेलीच्या भागात उतार हलका, मास्तरीणबाई तरुण, इंग्रजी फाडफाड, लेक खूश. इथे मला मान्य करावं लागलं की दादाचं सगळंच चूक नव्हतं. इंग्रजीतून "वजन बाहेरच्या पायावर" हे पाच मिनिटांत कळलं, जे बाकुरियानीत खुणांनी कळायला अर्धा दिवस लागला असता. नवरा इथे पहिल्यांदा वळला! दोन्ही बाजूंना! पण गर्दी, बापरे. शिकणारे, शिकवणारे, ढसाढस आदळणारे बोर्डवाले, आणि वरून घरी जाणारे तरबेज लोक पण त्याच वाटेने खाली येतात. पंचवीसवर आम्ही, मास्तर आणि दोन कुत्री होती.

दुपारी दादा म्हणाला गोंडोलाने वर चल, वर एक निळीच आहे, सोपी. मी म्हटलं हवा बघ. तो म्हणाला फुकट घाबरतंस. गेलो, मी आणि तो. वर दार उघडलं आणि काहीच नव्हतं. म्हणजे खरंच काही नाही. ढग खाली उतरलेला, झाडं नाहीत, दगड नाही, जमीन आणि आभाळ एकच, पायाखाली उतार आहे की सपाट आहे ते कळेना. मी उभी आहे असं समजत होते आणि प्रत्यक्षात हळूहळू घसरत होते, एका काठीच्या खांबावर आपटले तेव्हा कळलं. मळमळायला लागलं. नांगर धरायचा कशात, जमीनच दिसत नाही तर.

दादा पाच फुटांवर होता तोही धूसर. "दादा, मी गोंडोलाने खाली जाते."

मला वाटलं चिडवेल. तो दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, "मीय येतंय."

डब्यात आम्ही दोघंच, स्की बाहेर टांगलेल्या. अर्ध्यात त्याने कबूल केलं की पहिल्या वर्षी तो पण असाच वर अडकला होता, एकटा, आणि बसून बसून, अक्षरशः बुडावर, खाली आला होता दोन तासांत. "मगे सांगलंस कित्याक नाय?" त्यावर तो बाहेर बघत बसला. बाहेर दिसत काही नव्हतं. दोन वर्षं हा माणूस आम्हाला फक्त ऊन असलेले फोटो पाठवत होता.

दिवस सातवा

वाऱ्यामुळे वरच्या लिफ्टा बंद. खालच्या चालू होत्या, म्हणजे सगळे तरबेज लोक पण आमच्या पिर्वेलीवर उतरले. तासभर रांगेत काढला, तीन फेऱ्या मारल्या आणि सोडून दिलं. त्याऐवजी गाडीने वर मैत्री स्मारकाकडे गेलो, १९८३ चं, रशिया-जॉर्जिया मैत्रीचं, कड्याच्या टोकावर गोल भिंत आणि रंगीत टाइल्सची चित्रं. मैत्रीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण जागा जबरदस्त.

मग खाली तिबिलिसी, रात्री बाजारात चुर्चखेला घेतले, दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेले, लेकीला मेणबत्त्या वाटल्या. कुडाळला पाठवायला सहा, ऑफिसला दहा. दोन्ही नडग्या निळ्या-हिरव्या. नवऱ्याच्या कमरेला पट्टा.

विमानतळावर दादा म्हणाला पुढच्या वर्षी पहिले तीन दिवस बाकुरियानीत काढू, मग बघू. मी काही बोलले नाही, नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने बोर्डिंग पासकडे बघितलं.

पुरवणी, दुबई

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी लेकीने हट्ट करून स्की दुबईला नेलं. तिथली सगळ्यात लांब उतरण ४०० मीटरची. वरून निघाली, मी काचेच्या पलीकडे चहा घेऊन उभी, ती दोन-तीन वळणं घेऊन खाली येऊन थांबली. मागे वळून वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि काचेपलीकडून तोंड हललेलं मला स्पष्ट वाचता आलं.

"संपलं पण?"